लाळ एकाची, माहिती घरभराची

प्रश्न : पूर्वज कुठले हे कळावं म्हणून घरबसल्या होणारी डीएनए चाचणी करायची आहे. धाकटा भाऊ नको म्हणतो. लाळ माझी, मग त्याला का विचारायचं?

उत्तर : कायदा सहसा त्याची परवानगी मागत नाही. तरी त्याची शंका पोकळ नाही. सख्ख्या भावंडांचा सरासरी निम्मा डीएनए सारखा असतो, चुलत-मावस भावंडांचा साधारण साडेबारा टक्के. तुमचा नमुना गेला की त्याचाही बराचसा गेला. 2018 मध्ये अमेरिकेत जोसेफ डिअँजेलो हा 'गोल्डन स्टेट किलर' पकडला गेला, तो दूरच्या नातलगांच्या डीएनएवरून वंशवृक्ष रचत रचत. त्याने स्वतः कुठेही लाळ पाठवली नव्हती. खुनी सापडला हे चांगलंच झालं. पण नाव गुप्त राहील या भरवशावर वीर्यदान केलेला माणूसही याच वाटेने सापडतो.

चोरीचंही तसंच. 2023 मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीची सुमारे 14 हजार खाती फोडली गेली, तीही इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून. 'नातलग शोधा' ही सोय चालू ठेवलेल्या सुमारे 69 लाख लोकांची माहिती त्यातून बाहेर पडली. मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांची माहिती ही विक्रीतली मालमत्ता ठरली. पासवर्ड बदलता येतो, जनुकं नाही.

करायचीच असेल तर भावाला आधी सांगा. नमुना जपून ठेवणं आणि संशोधनाला संमती यांसाठी वेगवेगळे रकाने असतात. दोन्हींना 'नाही' म्हणा, नंतर 'हो' करता येतं. नातलग शोधणं बंद ठेवा. पासवर्ड नवा घ्या, दुहेरी पडताळणी चालू करा. पुढे माघार घ्यायची झाली तर खातं पुसणं, नळीतला नमुना नष्ट करायला सांगणं आणि संशोधनाची संमती काढणं ही तीन वेगळी कामं आहेत. लोक पहिलं करून मोकळे होतात. झालेल्या संशोधनातून मात्र तुमची माहिती परत निघत नाही.

विम्याचे नियम आधी वाचा. अमेरिकेचा 2008 चा 'जीना' कायदा आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकांवरून होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण देतो, आयुर्विम्यात देत नाही.

प्रश्न : अशाच चाचणीत 'बीआरसीए (स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवू शकणारी जनुकं) बदल आढळला नाही' असं आलं. आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. निश्चिंत राहू का?

उत्तर : नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च 2018 मध्ये अशा चाचणीला परवानगी दिली ती फक्त तीन बदलांपुरती, आणि तेही मुख्यतः अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातल्या) ज्यू वंशात आढळणारे. 2023 मध्ये ही संख्या 44 झाली. पण ज्ञात बदल हजाराहून अधिक आहेत. चाचणीत डीएनए वाचणारी चिप ठरावीक जागाच वाचते. न वाचलेल्या जागेबद्दल ती काय सांगणार?

उलट चूकही होते. चाचणीतली कच्ची माहिती उतरवून दुसऱ्या संकेतस्थळावर टाकली की भलतेच निष्कर्ष निघतात. 2018 च्या एका अभ्यासात अशा माहितीत दाखवलेल्या बदलांपैकी 40 टक्के फेरतपासणीत खोटे ठरले. दुर्मीळ बदल ओळखायला चिपला पुरेसे नमुने पाहायला मिळालेले नसतात, म्हणून ती तिथेच चुकते. या आकड्यांवर शस्त्रक्रियेचा निर्णय कुणीही घेऊ नये.

आनुवंशिकता समुपदेशकाकडे जा. शक्य असेल तर आधी आईची पूर्ण जनुक-तपासणी वैद्यकीय प्रयोगशाळेत होऊ द्या. तिच्यात बदल सापडला तर तुमच्यात नेमका तोच शोधता येतो, आणि मग 'नाही' या उत्तराला खरा अर्थ येतो.