पेन टॅब्लेटच्या सहा बटणांना क्रिटामध्ये काय काय द्यावं?

तुम्ही विचारलंय की नवीन पेन टॅब्लेटवर सहा बटणं आहेत, त्यांना क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरसाठी काय नेमायचं. बटणांना हात लावण्याआधी ड्रायव्हर, म्हणजे टॅब्लेटच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर, उघडा आणि लांबी-रुंदीचं प्रमाण तपासा. टॅब्लेट 16:10 आणि स्क्रीन 16:9 असेल, तर हाताने गोल काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर साधारण 11 टक्के आडवं ताणलं जातं. चेहरे काढताना याचा फार त्रास होतो: हात बरोबर फिरतो आणि गाल मात्र रुंद येतात. प्रमाण कायम ठेवायचा पर्याय ड्रायव्हरमध्येच असतो. तो चालू केला की टॅब्लेटची एक पट्टी वाया जाते, खुशाल जाऊ द्या.

आता बटणं. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि माझा आग्रह एकच आहे: डावा हात जागेवरून उठता कामा नये. क्रिटात शिफ्ट धरून पेन ओढला की ब्रश लहानमोठा होतो, कंट्रोल धरून टेकवला की तिथला रंग उचलला जातो, स्पेस धरली की कॅनव्हास सरकतो. तिन्ही कळा डाव्या हाताखालीच असतात, त्या बदलू नका. ‘ई’ही तशीच राहू द्या. तिने हातातला ब्रशच खोडरबर होतो, त्यामुळे खोडलेल्या कडेलाही त्याच ब्रशचा पोत येतो.

म्हणून टॅब्लेटच्या बटणांवर डाव्या हाताला लांब पडणारं काम घ्या. माझ्याकडे पहिला मान ‘एम’ला, म्हणजे चित्र आरशात उलटं दाखवणाऱ्या कळीला. तिरपा बसलेला डोळा त्यात लगेच कळतो. पण टॅब्लेट लॅपटॉपच्या पुढ्यात ठेवत असाल आणि कीबोर्डपर्यंत हातच पोचत नसेल, तर हिशोब उलटा: शिफ्ट, कंट्रोल, स्पेस आणि अनडू हीच चार बटणांवर आणा. उरलेली दोन रिकामी राहिली तरी चालतील. काय हवं ते काम करता करता हातच सांगतो.

पेनच्या एका बटणावर राइट क्लिक राहू द्या. त्याने आवडत्या ब्रशांचं आणि रंगांचं चक्र पेनाच्या टोकापाशीच उघडतं.

ऑफिसात फोटोशॉप वापरत असाल तर क्रिटाच्या सेटिंगमध्ये फोटोशॉपसारखी शॉर्टकट योजना तयार मिळते. कीबोर्ड आणि कॅनव्हास इनपुट अशा दोन्ही ठिकाणी ती वेगवेगळी निवडावी लागते. एकाच ठिकाणी बदलली तर अर्ध्या कळा जुन्याच राहतात.

आणि मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर ‘बी’ची कळ ‘व’ असते आणि एकाक्षरी शॉर्टकट चालेनासे होऊ शकतात. अशा वेळी सेटिंग उलथीपालथी करण्याआधी विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणून बघा.