एफआरसी केबलमधला नॉइज: शिल्डमागे लागण्याआधी ग्राउंडच्या पिना मोजा

एफआरसी म्हणजे चपटी रिबन केबल. तिच्यातल्या नॉइजबद्दल रबाळ्याच्या मित्राने इथे मदत मागितलीय, ती पोस्ट वाचली आणि माझं २०१४ साल डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्यांची अडचण अशी: पॅकिंग मशीन, कंट्रोल कार्डापासून डिस्प्ले कार्डापर्यंत अर्धा मीटर २६ पिनांची एफआरसी केबल, काउंट मध्येच उडी मारतो, दिवसातून दोन-तीनदा कार्ड आपोआप रिसेट होतं, शिल्डवाली (धातूचं आवरण असलेली) केबल लावूनही फरक नाही. वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये मी हे जसंच्या तसं भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. केबलची लाल पट्टी कनेक्टरच्या एक नंबर पिनेला आहे, सप्लाय आणि अर्थिंग ठीक आहे, हे तुम्ही पाहिलंच असेल असं धरून चालतो.

आधी एवढं करा. मोटर, कॉन्टॅक्टर, ड्राइव्ह सगळं बंद ठेवून फक्त कार्डांना सप्लाय द्या. स्कोप (ऑसिलोस्कोप) रिसेटच्या लाइनवर, केबलच्या पलीकडच्या टोकाला लावा आणि बाकीच्या डेटा लाइन चालू-बंद होत राहतील असा प्रोग्राम टाका. प्रोबची ग्राउंडची लांब वायर वापरू नका, टोकाशी स्प्रिंग लावून जवळच्या जवळ ग्राउंड घ्या, नाहीतर नसलेले काटे, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक उसळ्या, दिसतील. मोटर बंद असतानाही डेटा बदलला की रिसेटवर काटा उठत असेल, तर नॉइज बाहेरून येतच नाहीये. तो तुमच्या केबलमध्येच तयार होतोय, आणि त्यावर बाहेरून कितीही शिल्ड गुंडाळलं तरी उपयोग नाही.

माझी चूक नेमकी इथेच झाली. कार्डाचा लेआउट करताना ट्रॅक सरळ जावेत म्हणून मी १ ते ८ पिनांवर डेटा, ९ वर क्लॉक, १० वर रिसेट असं ओळीने लावत गेलो आणि उरलेल्या २५ आणि २६ या शेवटच्या पिना ग्राउंडला दिल्या. दोन वर्षं कार्डं व्यवस्थित चालली. मग एका बॅचला केबलमध्ये सिग्नल ढकलणारी बफर चिप ७४एचसी२४४ बाजारात मिळेना, म्हणून एसी सीरिजची ७४एसी२४४ लावली. पिना त्याच, व्होल्टेज तेच, क्लॉकचा वेगही तोच. तुर्भ्याच्या गिऱ्हाइकाकडून आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या आणि मी चार महिने बाहेरचा नॉइज शोधत फिरलो.

खरं काय होत होतं ते सांगतो. एचसी २४४ साधारण ६ मिलिअँपियरची, एसी २४ ची, आणि एसी शून्यावरून पाच व्होल्टला कितीतरी झपाट्याने चढते. क्लॉक किती मेगाहर्ट्झचा आहे यापेक्षा सिग्नलची कडा किती तीव्र आहे, म्हणजे तो किती झपाट्याने चढतो-उतरतो, यावर हा त्रास ठरतो. सिग्नलचा करंट गेला तसा परतही यायला हवा, आणि माझ्या केबलमध्ये आठही डेटा लाइनचा करंट पार दुसऱ्या काठावरच्या दोन वायरींतून परतत होता. अशा दूरच्या परतीच्या वायरीचं इंडक्टन्स ढोबळमानाने मीटरला १ मायक्रोहेन्री धरा. अर्ध्या मीटरच्या केबलमध्ये आठ लाइन प्रत्येकी १० मिलिअँपियर घेऊन ५ नॅनोसेकंदात एकदम बदलल्या, तर ग्राउंडच्या वायरीवर कागदावर ८ व्होल्ट येतात. प्रत्यक्षात करंट तेवढा चढू शकत नाही म्हणून इतके दिसत नाहीत, पण पाच व्होल्टच्या कार्डाची वाट लावायला त्यातला एक भागही पुरतो. त्यात रिसेट क्लॉकला चिकटून.

या चार महिन्यांत ज्या वितरकाकडून केबल घ्यायचो, त्यांच्या तांत्रिक मदत विभागाने मला फार वाईट वागवलं. प्रत्येक फोनला नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, तोच फॉर्म पुन्हा भरा, आणि उत्तर एकच: 'केबल स्पेसिफिकेशननुसार आहे, शिल्डवाली घ्या.' कनेक्टरच्या कोणत्या पिनेवर काय आहे, हे एकाही माणसाने एकदाही विचारलं नाही. तो एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर माझं गिऱ्हाईक टिकलं असतं. आजही त्याचा राग येतो.

उपाय एफआरसीच्या रचनेतच आहे. कनेक्टरमध्ये विषम पिना एका रांगेत, सम पिना दुसऱ्या रांगेत, पण केबलमध्ये १, २, ३, ४ अशा लगोलग, १.२७ मिलिमीटरवर. म्हणजे सम पिनांची अख्खी रांग ग्राउंडला दिली की केबलमध्ये आपोआप एक सिग्नल, एक ग्राउंड असं लागतं. जुन्या हार्ड डिस्कच्या केबली आठवा. सेकंदाला ३३ मेगाबाइटपर्यंत ४० वायरी पुरल्या. ६६ मेगाबाइटला कनेक्टर ४० पिनांचाच ठेवून केबल ८० वायरींची केली. वाढलेल्या ४० च्या ४० वायरी ग्राउंड होत्या. लांबीची मर्यादा तरीही १८ इंचच.

कार्ड बदलणं शक्य नसेल तर दोन्ही टोकांना छोटं अडॅप्टर कार्ड करून मधली केबल ४० वायरींची घ्या, म्हणजे जास्तीच्या वायरी सिग्नलच्या मध्ये ग्राउंडला देता येतील. माझं स्पष्ट मत आहे की शिल्डच्या खर्चापेक्षा हे आधी करावं. सोबत प्रत्येक जलद लाइनला, सिग्नल जिथून निघतो तिथेच, ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. सिग्नल-ग्राउंड आलटून पालटून असलेल्या केबलचा इंपीडन्स साधारण १०० ते १२० ओहम असतो, त्याला हे जुळतं. रिसेटसारख्या सावकाश लाइनला घेणाऱ्या टोकाला सिरीजमध्ये १ किलोओहम, ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे ७४एचसी१४ (श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर, सिग्नल उलटा करतो हे लक्षात ठेवा). आणि चिपची सीरिज माझ्यासारखी न विचारता बदलू नका.

काटा फक्त कॉन्टॅक्टर सुटतानाच येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. एसी सप्लायच्या कॉइलवर आरसी स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी), डीसी कॉइलवर उलटा डायोड लावा, केबल पॅनलच्या अर्थ केलेल्या पत्र्याला चिकटवून न्या, पॉवरच्या वायरी काटकोनात ओलांडा.

आणखी एक, कारण पावसाळा तोंडावर आहे. पकडीने दाबलेले एफआरसी कनेक्टर बघितले की जीव वरखाली होतो. एका कडेच्या वायरी अर्ध्याच चिरल्या जातात, दमट हवेत तिथला कॉन्टॅक्ट जातो, आणि तीच ग्राउंडची वायर असली तर सगळं नॉइजसारखंच दिसतं. व्हाइसमध्ये दोन्ही बाजूंनी सारखं दाबा. उघडलेला कनेक्टर पुन्हा दाबून वापरू नका, त्याच्या पात्यांची पकड गेलेली असते.

मी ईएमआयचा (विद्युतचुंबकीय नॉइजचा) तज्ज्ञ नाही, वीसेक वर्षं डिजिटल कार्डं बनवणारा माणूस आहे. तुमच्या केबलमधून थर्मोकपल (तापमान) किंवा लोडसेलचे (वजन) नाजूक सिग्नल जात असतील तर वरचं सगळं तसंच्या तसं लावू नका. तुमच्या २६ पिनांचा तक्ता आणि बफरचा पूर्ण नंबर इथे टाका, रविवारी सकाळी बसून बघतो. गरज पडली तर रबाळे मला लांब नाही, स्कोप घेऊन येतो.