थोरला भाऊ गादीवर असताना धाकट्याने राज्य घेतले, तर ते टिकवले कसे?

हक्क कमकुवत असलेल्या नव्या राजाने गादी पक्की कशी करावी, या प्रश्नाला आपल्या बेळगाव भागाशी निगडित चांगले उदाहरण म्हणजे कल्याणीचा (आजचे कर्नाटकातील बसवकल्याण) चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य. थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर राज्य करीत असताना विक्रमादित्याने १०७६ मध्ये त्याला पदच्युत केले. म्हणजे वारसाहक्काच्या दृष्टीने बाजू लंगडीच होती.

मात्र गादीवर येताच त्याने शकाऐवजी स्वतःच्या नावाचा चालुक्य विक्रम संवत सुरू केला, आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत धूर्त खेळी होती. कारण बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या रट्ट घराण्यासारखे मांडलिक साध्या दानाच्या लेखातही ‘श्रीमच्चाळुक्य विक्रमवर्षद’ (म्हणजे चालुक्य विक्रम वर्षाच्या) असे कोरू लागले, की प्रत्येक दानासोबत नव्या राजाच्या सत्तेची कबुलीही आपोआप दगडावर उतरत असे. काश्मीरचा कवी बिल्हण दरबारी होताच. त्याच्या काव्यात विक्रमादित्य शंकराच्या आज्ञेने, जणू नाइलाजाने भावाशी लढतो. (दरबारी कवी याहून वेगळे काय लिहिणार?)

सोयरिकीही उपयोगी पडल्या. त्याची एक राणी चोळ राजकन्या होती, तर स्वतःची मुलगी मैलळदेवी त्याने गोव्याच्या कदंब घराण्यातील दुसऱ्या जयकेशीला दिली. खानापूर तालुक्यातील हलशी हे याच कदंबांचे महत्त्वाचे ठाणे. पुढे तो ११२६ पर्यंत, सुमारे ५० वर्षे, राज्य करीत राहिला.