वाचक विचारतात : बाकाखाली लपणारं मूल

प्रश्न : देवळाली कॅम्पजवळच्या शाळेत मी दुसरीला शिकवते. जूनमध्ये मणिपूरहून एक मुलगा आला. २०२३ च्या हिंसाचारात घर जळलं, मग मदत छावणी, आता नाशिकला मामाकडे. जवळच लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला की तो बाकाखाली शिरतो. चार महिन्यांत वर्गात एक शब्द बोललेला नाही. मामा सांगतात, रात्री अंथरूण ओलं करतो. मी काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, हा हट्ट नाही. विचार करायच्या आतच त्याचं अंग त्या आवाजाला उत्तर देतं. म्हणून ‘घाबरू नकोस, काही नाही’ म्हणून भागत नाही आणि ओढून बाहेर काढलं तर भीती वाढते. बाकाशेजारी जमिनीवर बसा. हात लावण्याआधी विचारा. त्याला कळेल अशा सोप्या शब्दांत, हवं तर खुणांनी, हळू आवाजात सांगा : हा सराव आहे, तू नाशिकला आहेस, मी इथेच आहे. मग तळपाय फरशीवर दाबायला सांगा, वर्गातल्या पाच निळ्या वस्तू बोटाने दाखवू द्या. तीन मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा, पाच मोजेपर्यंत तोंडाने सोडायचा, असं सहा वेळा. मात्र हे सगळं आधी रोज, मजेत असताना, पूर्ण वर्गाला खेळ म्हणून शिकवा. ऐन भीतीत नवं काही शिकता येत नाही.

त्याची जागा भिंतीला पाठ लागेल आणि दार दिसेल अशी ठेवा. सरावाची वेळ कळली तर सकाळीच सांगा. ओझरहून उडणारी विमानं, मिरवणुकीतला ढोल, दिवाळीचे फटाके यांचंही तेच. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, कुणी अचानक ढकललं तर महिन्यांची कमाई वाया जाईल. यंदा त्याने काठावरून, मामाचा हात धरून बघावं.

न बोलण्याची मला कमी काळजी वाटते. नव्या भाषेत आलेली मुलं काही महिने नुसती ऐकतात. घरी आपल्या भाषेत बोलतो का, खेळतो का, हे विचारा. बोलत असेल तर थांबा; मान हलवणं, चित्र दाखवणं हेच उत्तर धरा. ‘घरीही मराठीच बोला’ हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो, पण तो देऊ नका. आईशी मनातलं बोलायची भाषाच त्यातून हिरावली जाते. घरीही गप्प असेल तर आधी कान तपासून घ्या.

जळणारं घर काढलं तर ‘काहीतरी छान काढ’ म्हणू नका, आणि त्या दिवसाची हकिगतही काढून घेऊ नका. कोणत्या समाजाचा, हे वर्गात कुणी विचारू नये. ओळख करून द्यायची तर ‘याला फुटबॉल आवडतो’ अशी, त्याला खरंच जे आवडतं त्यावरून.

अंथरुणासाठी रागावणं, लाजवणं पूर्ण बंद. चादरीखाली प्लॅस्टिक, झोपताना लघवी, दिव्याचा मंद उजेड. बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग मात्र बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. छावणी सोडून इतके महिने झाले, तरी दचकणं आहेच, म्हणून बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ आत्ताच घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. स्वतःला इजा करू लागला किंवा जेवण सोडलं तर एक दिवसही थांबू नका.

प्रश्न : अशाच कुटुंबातल्या मुलीचा दाखला जळाला. शाळा प्रवेश नाकारते.

उत्तर : शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), आणि जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर होतो हेही कारण चालत नाही (कलम ५). वयानुसार वर्ग द्यायचा आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं (कलम ४). तोंडी भांडू नका. कलमं लिहून अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तरीही नकार आला तर शहरात मनपाचा शिक्षण विभाग, तालुक्यात गटशिक्षणाधिकारी.