कपड्यांच्या घड्या आणि आपला कमीपणा

प्रश्न : माझे सांगलीत तयार कपड्यांचे दुकान आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असून तिला आतापर्यंत ६१ टक्के गुण आहेत. एमबीए करण्याऐवजी तिला युनिक्लो या तयार कपडे विकणाऱ्या जपानी कंपनीच्या मुंबईतील दुकानात नोकरी धरायची आहे. घड्याच घालायच्या तर घरचे दुकान काय वाईट होते? नातेवाइकांना काय सांगू? एमबीएसाठी तिची तयारी कशी करून घ्यावी? — एक पालक

उत्तर : मला ६१ टक्क्यांची काळजी वाटत नाही, वाटते ती ‘घड्याच घालायच्या’ या शब्दांची. ज्या कामावर आपले घर उभे राहिले आणि मुलीची फी भरली गेली, तेच काम तिने केले तर आपल्याला कमीपणा वाटतो, आणि हे ती घरात रोज ऐकत असणार. घरचे दुकान काय वाईट, असे आपण विचारता. ते तिच्या हाती देण्याची तयारी मात्र पत्रात कोठेही दिसत नाही.

युनिक्लो वाढवणारे तादाशी यानाई हेही दुकानदाराचेच चिरंजीव. यामागुची प्रांतातील उबे येथे त्यांच्या वडिलांनी १९४९ मध्ये पुरुषांच्या कपड्यांचे दुकान सुरू केले होते. वासेदा विद्यापीठातून पदवी घेतलेला हा मुलगा १९७२ मध्ये तेथे रुजू झाला, तेव्हा त्याची कार्यपद्धती न पटल्याने बहुतेक नोकर सोडून गेले आणि खरेदीपासून हिशेबापर्यंतचे सारे त्याच्याच अंगावर पडले. हिरोशिमातील युनिक्लोचे पहिले दुकान १९८४ चे, म्हणजे त्यानंतर १२ वर्षांनी उघडलेले.

अशा कंपन्यांचा विस्तार मुख्यालयातील हुशार पदवीधर करतात आणि दुकानातील माणसे केवळ हुकूम पाळतात, असा समज आपल्या प्रश्नामागे दिसतो; तो चुकीचा आहे. लंडनमध्ये २००१ साली पाऊल टाकल्यावर कंपनीने भराभर २१ दुकाने उघडली आणि २००३ मध्ये त्यांतील १६ बंद केली. न्यू जर्सीच्या मॉलमध्ये २००५ साली उघडलेली दुकानेही टिकली नाहीत. माझ्या मते जागा भाड्याने घेणे सोपे असते, पण कोणते माप शनिवारी दुपारीच संपते आणि कोणता रंग हंगाम उलटला तरी फळीवरून हलत नाही, हे ओळखणारी माणसे त्या वेगाने तयार होत नाहीत. जपानमध्येही या कंपनीत व्यवस्थापनासाठी घेतलेल्या पदवीधरांची सुरुवात दुकानातच होते. पुढे शांघाय, न्यूयॉर्क अशा शहरांत जम बसत गेला आणि २०१८ च्या आर्थिक वर्षात युनिक्लोची परदेशातील विक्री जपानमधील विक्रीच्या पुढे गेली. भारतात ही कंपनी २०१९ मध्ये दिल्लीत आणि २०२३ मध्ये मुंबईत आली. म्हणजे आपली मुलगी येथे फार उशिरा पोहोचते आहे असेही नाही.

एमबीएसाठी सीईटी आणि कॅट आहेतच, आणि त्या दोन वर्षांनीही देता येतील.

मुलीनेही भारावून जाऊ नये. विक्री साहाय्यक आणि व्यवस्थापक प्रशिक्षणार्थी या दोन वेगळ्या जागा असतात. आपली नेमणूक कोणत्या पदावर आहे, पाळ्या कशा आहेत, बढती कशावर ठरते आणि मुंबईतील भाडे भरून हाती काय उरते, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

त्याआधी आपण एक करावे. येत्या दिवाळीची खरेदी तिच्यावर सोपवावी : रक्कम आपण ठरवावी, माल तिने निवडावा आणि उरलेल्या मालाचा हिशेबही तिनेच द्यावा. एवढाही विश्वास टाकणे जमत नसेल, तर तिचा मुंबईचा अर्ज अडवून धरू नये.