ऑडॅसिटीला विमानवाहू नौका म्हणावे का?

हँगर, म्हणजे डेकखाली विमाने ठेवण्याचे दालन, नसलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धात जेमतेम सहा महिने सेवेत राहिलेल्या एचएमएस ऑडॅसिटी या ब्रिटिश नौकेला खरी विमानवाहू नौका म्हणावे का, आणि ती इतक्या लवकर का बुडाली, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे.

हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात परीक्षकांनी मला विचारला होता. आठ महिने खपून मी ऑडॅसिटीची १:२०० प्रमाणातील, ७१ सेंटिमीटर लांबीची लाकडी प्रतिकृती केली होती. परीक्षकांनी डेकवरून बोट फिरवले, "लिफ्ट कुठे आहे? विमाने खाली कशी नेणार?" असे विचारले आणि काम अपुरे ठरवून गुण कापले. शेजारी ठेवलेला आराखडा त्यांनी उघडूनही पाहिला नाही.

विमाने खाली न्यायला तिथे जागाच नव्हती. मुळात ही 'हानोव्हर' नावाची जर्मन मालवाहू नौका. मार्च १९४० मध्ये कॅरिबियन समुद्रात ब्रिटिश आणि कॅनेडियन युद्धनौकांनी तिला गाठले, तेव्हा तिच्या खलाशांनी तिला आग लावली. तरीही ती जमैकाला ओढून नेण्यात आली आणि पुढे इंग्लंडमधील ब्लाइथ येथे तिच्यावर सपाट डेक चढवला गेला. सहा मार्टलेट लढाऊ विमाने कायम उघड्यावर असत. उड्डाणापूर्वी ती मागच्या टोकाला उभी करत आणि एखादे विमान उतरायचे असले की डेकवरची बाकीची पुढे ढकलत. तंत्रज्ञ रात्री, अटलांटिकच्या वाऱ्यात, झाकलेल्या विजेऱ्यांच्या उजेडात इंजिने दुरुस्त करत. तिसऱ्या विमानाच्या पंखाखाली मी बासमतीच्या दाण्याएवढा असा एक तंत्रज्ञ बसवला होता. तो कोणाच्या लक्षात आला नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

डिसेंबर १९४१ मध्ये जिब्राल्टरहून निघालेल्या एचजी ७६ या व्यापारी जहाजांच्या ताफ्याबरोबर हीच 'अपुरी' नौका होती. तिच्या विमानांनी टेहळणी करणारी जर्मन कोंडोर विमाने पाडली आणि पाणबुड्यांचा माग काढला. १७ डिसेंबरला यू-१३१ या जर्मन पाणबुडीवर हल्ला करताना तिचा एक वैमानिक मारला गेला, पण पाणबुडी निसटू शकली नाही. ताफ्यातील ३२ व्यापारी जहाजांपैकी फक्त दोन बुडाली.

२१ डिसेंबरच्या रात्री ती संरक्षक नौकांशिवाय ताफ्याबाहेर गेली आणि यू-७५१ या जर्मन पाणबुडीच्या पाणतीरांनी बुडाली. दोष बांधणीचा नव्हता, तिला एकटे सोडण्याचा होता.

अर्थात, पाणबुड्या बुडवण्याचे मुख्य श्रेय ताफ्याच्या संरक्षक दलाचे प्रमुख कमांडर वॉकर यांच्या नौकांचे आहे, हेही नोंदवले पाहिजे. पण आपण प्रतिकृती करणार असाल, तर परीक्षकांसाठी लिफ्ट मुळीच दाखवू नका. सहाही विमाने मागच्या टोकाला दाटीने उभी करा आणि पुढचा सारा डेक मोकळा सोडा.