व्हीएमवेअरवर तीन महिने जुना स्नॅपशॉट डिलीट केला तर आजचा डेटा जाईल का?

नाही, जाणार नाही. ‘डिलीट’ या शब्दामुळे बहुतेकांचा गोंधळ होतो. स्नॅपशॉट म्हणजे व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरने चालवलेल्या संगणकाची) त्या क्षणाची स्थिती. तो घेतल्यापासून डिस्कवर होणारं सगळं लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये साठतं; डिलीट केल्यावर ते मूळ डिस्कमध्ये मिसळलं जातं. डेटा जातो तो ‘रिव्हर्ट’ने, म्हणजे मशीन स्नॅपशॉटच्या वेळच्या स्थितीत परत नेल्याने. त्या बटणाला चुकूनही हात लावू नका, तीन महिन्यांचं काम पुसलं जाईल.

आधी बॅकअप घ्या आणि तो उघडतोय का ते तपासा. मग डेटास्टोअरवर (मशीनच्या डिस्क फाइल जिथे साठतात तिथे) किती जागा उरली आहे ते बघा. मूळ डिस्क थिन (लागेल तशी जागा घेणारी) असेल तर विलीनीकरणात ती वाढते, म्हणून दुसरं एखादं मशीन हलवून थोडी जागा मोकळी करा. एकापेक्षा जास्त स्नॅपशॉट असतील तर ‘डिलीट ऑल’ वापरा.

काम रात्री करा. मशीन चालू ठेवता येतं, पण शेवटी ते काही क्षण गोठतं आणि मेल किंवा डेटाबेसची कनेक्शनं तुटू शकतात. बंद करून केलं तर काम पूर्ण होईपर्यंत ते सुरू करता येत नाही, आणि डेल्टा मोठा असेल तर त्यात कित्येक तास जातात. प्रगती ९९ टक्क्यांवर अडकल्यासारखी दिसली तरी होस्ट (मशीन ज्यावर चालतं तो सर्व्हर) रीस्टार्ट करू नका. डेल्टा फाइल हाताने तर कधीच उडवू नका. मूळ डिस्क आणि डेल्टाची साखळी तुटते आणि मशीन सुरूच होत नाही.

संपल्यावर ‘कन्सॉलिडेशन नीडेड’ (विलीनीकरण बाकी आहे) असा इशारा उरलाय का ते पाहा. यापुढे ७२ तासांच्या वर स्नॅपशॉट ठेवू नका.